पाहुण्यांनी कुठे बघायचं?

व्हेनिसमध्ये दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर महापौर होडीतून शहराबाहेर, जिथे आतलं उथळ पाणी खुल्या समुद्राला मिळतं तिथवर जातात आणि समुद्रात एक अंगठी टाकतात. या सणाचं नाव सेन्सा. मुंबईतल्या माहुल कोळीवाड्यातल्या एका मुलीने 2024 साली तो परदेशी पाहुणी म्हणून पाहिला. घरी परतल्यावर तिने जाहीर केलं की आपल्या नारळी पौर्णिमेलाही असे पाहुणे यायला हवेत. तिच्या कंपनीत कामानिमित्त येणारे दोन-चार इटालियन आणि एक डच सहकारी तयारच होते. आडवी आली ती आते.

आते चेंबूरच्या बाजारात मासळी विकते. भाची एका जहाज कंपनीत कागदपत्रांचं काम करते. दोघी एकाच घरात राहतात आणि एकमेकींचं बोलणं मध्येच तोडतात. श्रावणातल्या एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्यांचं भांडण ऐकलं. मधूनमधून तोंड घातलं, तेही इथे येईल. नावं देत नाही.

भाची: आते, आधी ऐकून तर घे. ईस्टरनंतर चाळीस दिवसांनी त्यांचा हा सण असतो. आता सोयीसाठी त्यापुढच्या रविवारी करतात. मी जवळच्या पादोव्याला उतरले होते, सकाळच्या गाडीने गेले. चौकासमोरच्या पाण्यात इतक्या होड्या! ते लोक उभं राहून, पुढे तोंड करून वल्हवतात. बायकासुद्धा. सगळा ताफा लिदो बेटाकडे जातो, तिथल्या चर्चसमोर थांबतो आणि अंगठी पाण्यात पडते. मला आपलं बंदरच आठवलं. सोनेरी कागदातला नारळ, पुढे बँड, तुम्ही सगळ्या लुगडी नेसून, केसांत वेण्या माळून.

आते: अंगठी कोन टाकतो?

भाची: महापौर.

आते: महापौर मासे मारतो?

भाची: नाही गं. पूर्वी डोज टाकायचा. त्यांचा राजाच समज.

आते: मंग तो मारायचा?

इथे मला दोन शब्द बोलावे लागले. सेन्साचं मूळ मासेमारीत नाही, आरमारात आहे. सन 1000 मध्ये पिएत्रो ओर्सेओलो दुसरा हा डोज येशूच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी जहाजं घेऊन समोरच्या दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर निघाला आणि तिथल्या चाच्यांचा बंदोबस्त करून आला. त्याची आठवण म्हणून पाण्यावरचा हा विधी सुरू झाला. 1177 साली पोप तिसरे अलेक्झांडर यांनी डोजला अंगठी दिली आणि विधीला लग्नाचं रूप आलं, असं परंपरा सांगते. तेव्हापासून डोज समुद्राशी लग्न लावायचा आणि त्या लग्नाच्या मंत्रात समुद्रावरची कायमची मालकी स्पष्ट बोलून दाखवायचा. त्यासाठी सोन्याने मढवलेली खास नौका असे. शेवटची 1729 साली पाण्यात उतरली. 1797 मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताक संपवलं. पुढच्या जानेवारीत फ्रेंच सैनिकांनी नौकेची सजावट फोडून जाळली, राखेतून सोनं काढण्यासाठी. आता चालतो तो सण विसाव्या शतकात पुन्हा उभा केलेला आहे.

आते: दर्याशी लगीन? ज्याच्याशी लगीन लावलं त्याच्यावर हक्क सांगता येतो. दर्यावर हक्क सांगनारा मानूस मी तरी बघितला नाय. आपन नारळ देतो तो मागन्यासाठी. शांत हो, पोरांना सांभाळ, जाळ्यात काय ते घाल.

भाची: मागणं म्हणजे तरी काय? नारळ दे आणि मासळी घे. सौदाच तो.

आते: सौदा हाय. पन भाव तो ठरवतो.

भाची: ठीक आहे. त्यांचा माज, आपला नमस्कार. पण मी जे पाहिलं त्यात माज नव्हता. हजारभर वर्षांपूर्वीची गोष्ट आजची माणसं वल्ही मारून सांगत होती. आणि मी कोण? कुठल्या तरी चेंबूरहून आलेली बाई. मला कुणी हटकलं नाही, इथे का उभी आहेस असं विचारलं नाही.

आते: विचारलं पन नाय की जेवलीस काय?

भाची गप्प झाली. मग तिने सांगितलं की नाही, जेवण तिचं तिने विकत घेतलं, आणि महाग होतं. शिवाय शहरात शिरण्याचे पाच युरो भरले होते. त्याच वर्षीच्या 25 एप्रिलपासून व्हेनिसने दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांवर ठरावीक तारखांना हा आकार लावला होता, आणि सेन्साचा रविवार त्यात येत होता. मोबाइलवर पावती, पावतीवर चौकोनी ठिपक्यांचा कोड.

आते: गावात शिरायला पैसे?

भाची: साडेचारशे रुपये होतात. सण बघायला मात्र काही नाही.

आते: गावात रातीला झोपनारी मानसं किती मग?

हा प्रश्न तिने सहज विचारला, पण व्हेनिसची दुखरी नस तीच आहे. 1951 साली जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास वस्ती होती. 2022 च्या उन्हाळ्यात ती पन्नास हजारांच्या खाली गेली. राहती घरं पाहुण्यांच्या खोल्या झाली आणि तरुण मंडळी समोरच्या मुख्य भूमीवर मेस्त्रेला राहायला गेली. सणाच्या दिवशी वल्हवणारे वल्हवण्याच्या क्लबांतून येतात.

आते: म्हंजे बँकेतली, हापिसातली मानसं येतात, होडी चालवतात, परत जातात.

भाची: हो.

आते: तुझ्यावानी.

भाची: हो, माझ्यावानी! म्हणून तर सांगते आहे. बाबांची होडी विकली तेव्हा मी दहावीत होते. मला जाळं विणता येत नाही. निवटीच्या बिळात हात घालायची मला किळस येते. माझ्याकडे कोळीपणातलं उरलं काय? कुळाची देवी एकवीरा आणि हा सण. तू म्हणतेस सण कामावाल्यांचा. मग मी त्या दिवशी बंदरावर कोण म्हणून उभी राहू? मीसुद्धा पाहुणीच की!

आते: तू पाहुनी कशी? तू घरची.

भाची: मग घरची माणसं परस्पर चार पाहुणे आणू शकतात.

आते: सन हा पाहुन्यांसाठी नसतो गो. पावसात दर्या बंद, नारळ दिला की उघडा. बोट जाते. कामाचं दार हाय ते. त्या लोकांनी अंगठी टाकली, मग गेले कुठं? जेवायला. दुसऱ्या दिवशी पहाटे कोन उठला?

आतेचा हा मुद्दा मला त्या संध्याकाळचा सगळ्यात वजनदार मुद्दा वाटला. म्हणूनच भाचीने त्याला दिलेलं उत्तर मी नीट लिहून घेतलं.

भाची: आणि आपल्याकडे? सरकारची बंदी 1 जून ते 31 जुलै. यांत्रिक बोटी 1 ऑगस्टपासून सुटतात. 2024 मध्ये पौर्णिमा आली 19 ऑगस्टला. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, तेव्हा 30 ऑगस्टला. महिनाभर मासळी मारून झाल्यावर आपण दर्याला नारळ देऊन विचारतो, येऊ का? तुझं ते कामाचं दार केव्हाच निखळलंय, आते. आपणही सण सणासाठीच करतो. व्हेनिसवाले हे कबूल करतात, इतकाच फरक.

आते: मोठ्या बोटींचं सांगतेस तू. आपल्या खाडीतली वल्ह्याची होडी पावसातबी जाते, तिला बंदी नाय. आनि 1 ऑगस्टला गेलेले सगळे खुशीत जातात असं वाटतं तुला? घरातली म्हातारी बोलते, नारळ पडला नाय अजून. पोरगा बोलतो, डिझेलचं कर्ज हाय. तो जातो. मंग पौर्निमेला सगळ्यांच्या पुढं नाचतो तोच. का ते समजून घे.

का, ते तिने सांगितलं नाही. भाचीनेही विचारलं नाही.

बोलणं मग थोडा वेळ खेकड्यांवर गेलं, आणि तेवढा वेळ दोघींचं पटलं. व्हेनिसच्या पाण्यात वसंतात आणि शरदात कात टाकलेल्या खेकड्यांचा हंगाम असतो. जुनं कवच सोडल्यावर नवं कडक व्हायच्या आतल्या थोड्या तासांत ते उचलावे लागतात. कुठला खेकडा आज कात टाकणार हे नुसत्या नजरेने ओळखणारे मच्छीमार पिढ्यानपिढ्या हेच काम करत आले आहेत. हे ऐकताना आते पुढे सरकून बसली. मऊ चिंबोरी तिला ठाऊक आहे. खाजणात मिळते, घरी खातात, बाजारात तिला गिऱ्हाईक नसतं. तिथे ती अख्खी तळतात आणि भारी भावाने विकतात, हे तिला एकाच वेळी हास्यास्पद आणि अन्यायाचं वाटलं. 2023 मध्ये अटलांटिकमधून आलेल्या निळ्या खेकड्याने त्या भागातल्या शिंपल्यांच्या शेतीचा फडशा पाडला, हेही भाचीने सांगितलं. बाहेरून आलेला आणि घरच्याला खाऊन टाकणारा. आतेने भाचीकडे बघितलं आणि पाहुण्यांविषयीचं आपलं मत पुन्हा एकदा, या वेळी न बोलता, नोंदवलं.

भाची: एक गोष्ट अजून सांगितली नाही तुला. मेस्त्रेवरून गाडी पुलावर चढते तेव्हा डब्यातले सगळे पुढे बघत असतात, घुमट कधी दिसतात म्हणून. मी उजवीकडे बघितलं आणि हसायलाच आलं. धुराडी, टाक्या, पाइप. थेट माहुल!

त्या जागेचं नाव मार्गेरा. 1917 पासून तिथे बंदर आणि कारखाने उभे राहत गेले, दुसऱ्या महायुद्धानंतर पेट्रोरसायनांचे मोठे प्रकल्प आले. तेलाच्या जहाजांसाठी 1960 च्या दशकात त्या उथळ पाण्यातून खोल कालवा खणला. प्लास्टिकच्या कारखान्यात विषारी वायूने कामगारांना कर्करोग झाल्याचा खटला 1998 मध्ये उभा राहिला. 2001 मध्ये सगळे आरोपी सुटले, 2004 मध्ये अपिलात काही दोषी ठरले. व्हेनिस आणि त्याभोवतीचं पाणी 1987 पासून जागतिक वारसा आहे. आपली घारापुरीही त्याच वर्षी त्या यादीत गेली. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये परदेशी पाहुणे भरलेले असतात. डाव्या हाताला जवाहर द्वीपावरच्या तेलटाक्या आणि मागे ट्रॉम्बेची धुराडी दिसतात. मी गेलो तेव्हा आमचा गाईड तेवढा वेळ पाणी पीत होता.

आते: मंग त्या सनाला टाक्या दिसतात?

भाची: लिदोकडे तोंड केलं की टाक्या पाठीमागे राहतात.

आते: बघ. आता मना सांग, तुझे पाहुने बंदरावर उभे राहिले तर त्यांचं तोंड कुठं करशील? आपल्याकडे पाठीमागं असं काय ठेवायला जागाच नाय. फोटोत नारळ येईल, मी येईन आनि माझ्या डोक्यामागं टाकी येईल.

भाची: येऊ दे की! तेच हवंय मला. माहुल म्हटलं की लोकांना गॅस आठवतो, बाकी काही नाही. हरित लवादाने 2020 मध्ये चार कंपन्यांना मिळून 286 कोटींचा दंड सुनावला, तेव्हा पेपरात माहुल आलं. तेव्हाच फक्त. इथे सतराशे साठ कामं करणारी, भांडणारी, नाचणारी माणसं आहेत हे कुणी छापलं? आपल्या कोळीवाड्यांच्या सीमांकनाचं घोंगडं इतकी वर्षं भिजतंय. ज्या गावाला बाहेरचे लोक ओळखतात ते गाव नकाशावरून पुसणं जड जातं. वेसाव्याच्या बायकांनी सीफूड महोत्सव भरवून नाव केलंच ना? ऐरोलीला वनखातं होडीतून फ्लेमिंगो दाखवतं, लोक पैसे देऊन येतात. फ्लेमिंगो तर शिवडी-माहुलच्या चिखलातही उतरतात. पक्ष्यांना पाहुणे चालतात, माणसांना का नाही?

आते: पक्ष्याला कोन बोलत नाय की जरा परत नाच, फोटो नीट नाय आला.

भाची: आणि टाकीचं म्हणतेस, तर तुझा स्वतःचा फोटो दाखवू? गेल्या पौर्णिमेचा. तूच पोराला ओरडलीस, "तिकडून नको, इकडून काढ." इकडून म्हणजे टाकी येणार नाही असा. आपल्या ग्रुपवर बघ, एकाही फोटोत टाकी नाही. गाईडचं काम आपणच फुकट करतोय.

आते हसली. मोठ्याने, बाजारात हसते तशी. आणि मोबाइल मागून घेऊन खरंच फोटो बघत बसली.

या ठिकाणी मी माझं मत सांगून टाकतो. पाहुणा आल्याने सण बाटतो असं मला वाटत नाही. आपला सण पाहुण्याला कसा दिसावा याची काळजी घरच्यांनी पाहुणा येण्याच्या आधीच सुरू केलेली असते. परका माणूस कधीकधी नेमका त्या लपवलेल्या कोपऱ्याकडेच बघतो, जशी ही मुलगी पुलावर उजवीकडे बघत राहिली. व्हेनिसच्या माणसाने तिला मार्गेरा दाखवलं नसतं. तिने ते ओळखलं, कारण ती माहुलची होती. तिच्या डच सहकाऱ्यालाही इथे काही ओळखीचं सापडेल. रॉटरडॅमच्या बंदरात तेलटाक्या काही कमी नाहीत. पैसे घेऊन पाहुणे आणण्याबाबत मात्र मी आतेच्या बाजूचा आहे. पैसे दिले की माणूस उशीर झाल्याची तक्रार करतो, आणि कोळ्यांची मिरवणूक वेळेवर निघाल्याचं मी ऐकलेलं नाही.

मला वाटलं आता मिटलं. पण भाचीने राखून ठेवलेला मुद्दा आता काढला.

भाची: परक्यांची तुला इतकी काळजी, तर त्या बिल्डिंगवाल्यांचं सांग. त्यांना आपण किती वेळा बोलावलं?

बिल्डिंगवाले म्हणजे प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या 72 इमारतींतली माणसं. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या 2017 मध्ये पाडल्या गेल्या आणि विद्याविहार, घाटकोपरकडची हजारो माणसं इथे आणून टाकली गेली. दवाखाना लांब, शाळा लांब, नोकरी त्याहून लांब, आणि हवेने जीव हैराण. त्यांनी विद्याविहारच्या फुटपाथवर महिनोन्महिने बिऱ्हाडं मांडून आंदोलन केलं. शेवटी 2019 मध्ये उच्च न्यायालयाने कुणालाही बळजबरीने माहुलला पाठवू नका, असं बजावलं. तरीही बरेच जण अजून इथेच आहेत. आपल्या मर्जीविरुद्ध माहुलचे पाहुणे झालेले.

आते: त्यांना काय बोलवायचं? मिरवनूक रस्त्यावरून जाते. उभे राहून बघतात की.

भाची: कुणी हटकत नाही.

आते: कोन हटकनार? रस्ता काय आपल्या बापाचा?

भाची: आणि जेवलीस का, असं विचारतं कुणी?

आते उठली आणि आत गेली. भांड्यांचे आवाज आले. मला वाटलं रागावली. ती चहा घेऊन बाहेर आली आणि उभ्यानेच बोलू लागली.

आते: आमची मानसं बोलतात, बिल्डिंगी आल्या आनि पानी कमी झालं. ते बोलतात, कोळ्यांची मासळी वास मारते. गॅसचा वास यायला लागला की दोघंबी खिडकी लावून घेतात. एक बाई येते माझ्याकडं, रोज वाटाभर कोळंबी नेते, उधार ठेवत नाय. विद्याविहारची. तिला कालवन करता येत नव्हतं, मी शिकवलं. नाव विचारायचं राहिलं बघ.

भाची: बोलाव तिला.

आते: तिला बोलवीन. तुझ्या गोऱ्यांचं वेगळं.

भाची: काय वेगळं?

आते: ती परत येनार हाय. तुझे येतील, बघतील, जातील. नारळाला येनारा मानूस मना पुढच्या अमावास्येला दिसला पायजे.

भाची: मी तरी व्हेनिसला कुठे परत जाणार आहे? पण ते पाहिलं नसतं तर तुझ्याशी आज हे दोन तास भांडले नसते. एवढा तरी उपयोग झाला की नाही त्या बघण्याचा?

यावर आतेने मान हलवली. होकार की नकार ते कळलं नाही, पण त्यानंतर बोलणं एकदम व्यवहारावर आलं. पाहुणे किती? चार. चारांपेक्षा एक जास्त नको. पौर्णिमेला यायचं तर सकाळी लवकर, ओहोटीला, म्हणजे चिखलात बसलेल्या होड्या आणि नाल्याचं पाणी कुठून येतं ते आधी बघायचं, नारळ नंतर. नाचायला बोलावलं तर नाचायचं, नाही तर नुसतं उभं राहायचं नाही, काहीतरी उचलायचं. भाचीने मोबाइल काढला आणि इंग्रजीत संदेश लिहायला घेतला. आते मराठीत सांगत होती.

आते: लिही, चपला जुन्या घाला.

भाची: लिहिलं. फोटो कुठूनही काढा, असंही लिहिलं.

आते: टाकीचा काढला तर मना पन पाठवा, असं लिही. आनि जेवनाचं लिही. निवटीचं कालवन, तांदळाची भाकर, नारळीभात.

भाची: निवटी नको गं, घाबरतील. चिखलात उड्या मारणारा मासा!

आते: तू खाल्लंस ना तिकडं काय काय? निवटी. किती घ्यायचे जेवनाचे?

भाची: तू तर पैसे नको म्हणत होतीस.

आते: बघायचे नको. जेवनाचे घेनार. तुझ्या त्या गावानं शिरायचे किती घेतले?

भाची: साडेचारशे.

आते: मग जेवनाचे पाचशे लिही. विद्याविहारवालीचं लिहू नको, ती माझ्याकडं जेवनार.